पटावर नाव, फडात पोर

शाळाबाह्य मुलांचा विषय निघाला की आपल्याकडे भांडण लगेच आकड्यावर येतं. शासन म्हणतं, मोहिमेत इतकी मुलं सापडली. संघटना म्हणतात, साफ खोटं, खरा आकडा याच्या कितीतरी पट आहे. मग फेरसर्वेक्षण, मग नवा आकडा, मग त्यावर नवं भांडण. ४ जुलै २०१५ रोजी राज्यभर एका दिवसात सर्वेक्षण झालं आणि मोजलेल्या मुलांच्या बोटाला मतदानासारखी शाई लागली. मार्च २०२१ मध्ये दहा दिवसांची शोधमोहीम झाली, जुलै २०२२ मध्ये ‘मिशन झिरो ड्रॉपआऊट’ झालं. आणि या सगळ्याच्या पलीकडे पारावरचं एक ठरलेलं मत आहेच: आईबापालाच पोरं शिकवायची नाहीत, तिथे सरकार काय करणार?

ऊसतोड मजुरांच्या मुलांपुरतं बोलायचं तर हा सगळा वाद चुकीच्या जागी उभा राहून चालला आहे. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणीच्या ज्या गावांतून ऊसतोडीला टोळ्या निघतात, तिथलं मूल ४ जुलैला कुठे असतं? गावात, आणि बहुतेकदा शाळेतच. जूनमध्ये त्याचं नाव पटावर आहे, गणवेश अंगावर आहे, पुस्तकं हातात आहेत. शाई घेऊन फिरणाऱ्याला ते शाळाबाह्य दिसणार तरी कसं? त्याची शाळा सुटते दसरा-दिवाळीच्या सुमारास, आणि परत सुरू होते ती एप्रिल-मेच्या उन्हात, शाळेला सुट्टी लागता लागता. मार्च २०२१ चा महिना हंगामातला होता खरा, पण ते करोनाचं वर्ष, शाळाच धड उघडलेल्या नव्हत्या. म्हणून ‘किती’ हा प्रश्न थोडा बाजूला ठेवून दुसरा विचारावा: नोव्हेंबर ते एप्रिल हे मूल कोणत्या शाळेच्या पटावर आहे, आणि त्याच्यापोटी त्या शाळेला काय मिळतं? माझं म्हणणं एवढंच आहे की मूल हलतं आणि पट हलत नाही, इथे सगळी गोम आहे. शिक्षक, तांदूळ, पुस्तकं हे सगळं पटाला बांधलेलं. तो पट मुलामागे चालवल्याशिवाय कितीही मोहिमा काढल्या तरी नावं नोंदली जातील आणि पोरं उसाच्या फडातच राहतील.

हे कसं घडतं ते नीट पाहण्यासारखं आहे. शाळेला किती शिक्षक मिळणार हे संचमान्यतेवर ठरतं, आणि संचमान्यता होते ३० सप्टेंबरच्या पटावर. साखर कारखान्यांचं गाळप सुरू होतं ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरात. म्हणजे शासन मुलं मोजतं ती टोळी निघायच्या बरोबर आधी. गावच्या शाळेत साठ मुलं मोजली जातात आणि डिसेंबरात त्यांतली पंचवीस उरतात, असं समजा. शिक्षक साठांच्या हिशेबाने आहेत, वर्ग पंचविसांचा आहे. तिकडे कोल्हापूर-सांगलीकडच्या एखाद्या वाडीच्या जिल्हा परिषद शाळेत चाळीस मुलं आणि दोन शिक्षक असतात. शेजारच्या शिवारात टोळी उतरते आणि डिसेंबरच्या एका सोमवारी पंधरा पोरं दारात येतात. कुणाला वाचता येतं, कुणाला नाही, दोघींच्या कडेवर धाकटी भावंडं. पुस्तकांचं वाटप जूनमध्येच उरकलंय. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज शंभर ग्रॅम तांदूळ असतो, पण पटावर नाव नसलेल्या पोराच्या ताटातला शंभर ग्रॅम कोणत्या रकान्यात दाखवायचा? तिसरा शिक्षक तर स्वप्नातही मिळणार नाही, कारण ३० सप्टेंबरला ही पोरं तिथे नव्हती. अशा मुख्याध्यापकाने ‘बसू देत मागच्या बाकावर’ म्हटलं तरी तो भला माणूस म्हणायचा.

मुलाची बदली ऑनलाइन करून घ्यायला कोण अडवतं, असं विचारता येईल. कागदावर कुणीच नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ सांगतं की दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कलम १४ वयाच्या पुराव्याची अडचण काढून टाकतं, कलम १५ म्हणतं की वर्षाच्या मध्यातही प्रवेश द्यावा लागेल, आणि कलम ९ मध्ये स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांच्या प्रवेशाची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर, म्हणजे गावाकडे जिल्हा परिषदेवर, नाव घेऊन टाकलेली आहे. एवढा सरळ कायदा असूनही गाडी अडते. कारण नवी शाळा पोर्टलवर विनंती टाकते आणि जुन्या शाळेने ते मूल सोडायचं असतं. जुन्या शाळेने का सोडावं? पंचवीस नावं गेली तर पुढच्या वर्षी एखादं पद जाणार, कुणीतरी अतिरिक्त ठरणार. शिवाय मूल एप्रिल-मेमध्ये परत येणारच आहे. म्हणून नाव राहतं. सलग महिनाभर गैरहजर मूल शाळाबाह्य धरायचं, असं नियम सांगतो. पण तसं दाखवलं की खुलासे आले, बैठका आल्या. त्यापेक्षा महिन्यात मधूनच दोन-चार हजेऱ्या पडल्या की नियमही सांभाळला जातो आणि पटही. यात गुरुजी लबाड आहेत असं मानायचं कारण नाही. नियमाने त्यांच्यासमोर खरं बोलण्याची किंमत ठेवली आहे आणि खोट्याची काहीच ठेवलेली नाही.

इथे एक आक्षेप वजनदार आहे. पट इतका घट्ट का बांधला, हे विसरता येत नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली तेव्हा भरलेल्या पटाच्या रिकाम्या शाळा निघाल्या. शिक्षक, अनुदान, तांदूळ सगळं कागदी मुलांच्या नावावर उचललं जात होतं. आधारशी जोडलेला पट आणि ‘एक मूल, एक शाळा’ हा हिशेब त्यातूनच आला. आता मुलाला दोन ठिकाणी मोजा म्हटलं तर जुनी चोरी नव्या दाराने आत येणार नाही का? येऊ शकते. पण कागदी मूल आणि फडातलं मूल यांत एक साधा फरक आहे. कागदी मूल एकाच वेळी दोन पटांवर असतं. फडातलं मूल एका वर्षात दोन पटांवर असतं, पण एका दिवशी एकाच. आधारला हा फरक कळतो, आपल्या नियमाला कळत नाही. हंगामी बदली म्हणून वेगळा रकाना ठेवावा. विनंती आल्यापासून सात दिवसांत जुन्या शाळेने हरकत घेतली नाही तर मूल आपोआप नव्या पटावर जावं आणि १ मेला आपोआप परत यावं. मधल्या काळात गावच्या शाळेचं पद त्या कारणाने कमी होणार नाही, असं लेखी असावं. आणि १५ जानेवारीला, ज्या तालुक्यांत टोळ्या उतरतात तेवढ्यांचाच, दुसरा पट मोजावा. यासाठी नवा कायदा लागत नाही, पोर्टलमध्ये बदल आणि एक शासन निर्णय पुरतो.

‘शिक्षण हमी कार्ड’ आहेच की, असं अधिकारी सांगतात. आहे. टोळी निघण्याआधी मुख्याध्यापकाने पालकाच्या हातात द्यायचं, त्यावर मुलाचं नाव, इयत्ता, शाळा. कार्ड दाखवलं की कुठल्याही शाळेने बसवून घ्यायचं. कल्पना चांगली. ते कार्ड मग रेशनकार्डाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी पत्र्याच्या पेटीत, आणि पेटी कोपीच्या, म्हणजे टोळीच्या झोपडीच्या, कोपऱ्यात. पहाटे अंधारात फडावर जाणारा आणि मोळ्या भरून दिवस मावळल्यावर परतणारा बाप ते कार्ड घेऊन कोणत्या वेळी शाळेत जाणार? कार्डाने सगळं ओझं अशा माणसावर टाकलंय, ज्याच्याकडे शाळेच्या वेळेत एकही मोकळा तास नाही.

आणि हे ओझं त्याच्यावर टाकायची गरजच नाही, कारण टोळी कुठे आहे हे ठाऊक असलेला माणूस व्यवस्थेत आधीपासून बसलेला आहे. कारखान्याचा शेतकी विभाग. उन्हाळा-पावसाळ्यात कारखाना, वाहतूकदार आणि टोळी जमवणारा मुकादम यांच्यात करार होतात, उचल म्हणजे आगाऊ रक्कम दिली जाते, आणि उचल कोयत्यावर दिली जाते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. म्हणजे कोणत्या मुकादमाकडे किती कोयते, हे गाळपाच्या कितीतरी आधी लिहिलेलं असतं. हंगामात आज कोणती टोळी कोणत्या गावच्या कोणत्या गटात तोडते आहे, ते चिटबॉय, म्हणजे कारखान्याचा फडावरचा माणूस, सांगतो. कारखान्याच्या वजनकाट्यावर येणाऱ्या प्रत्येक खेपेच्या पावतीवर वाहन आणि शेतकरी उतरलेला असतो. उसाचं कांडं फडातून काट्यापर्यंत किलोकिलोने माग ठेवून नेणारी व्यवस्था आपल्याकडे आहे, आणि त्याच फडाच्या बांधावर बसलेली पोरं शोधायला मात्र आपण शाईची बाटली घेऊन घरोघर फिरतो. कराराच्या नमुन्यात दोन रकाने वाढवले, सहा वर्षांखालची मुलं किती आणि सहा ते चौदाची किती, आणि ती यादी गाळपाच्या पहिल्या पंधरवड्यात गटशिक्षणाधिकाऱ्याकडे गेली, तर शोधमोहिमेचं अर्धं काम संपतं. कारखाने म्हणतील, मजूर आमचे नाहीत, मुकादमाचे आहेत. हे उत्तर जुनं आहे. गाळप परवाना देताना ज्या अटी घातल्या जातात त्यांत ही एक वाढवली की ते आपोआप बदलेल.

आता पालकांकडे वळू. ‘त्यांनाच नको आहे’ म्हणणारे लोक शाहू महाराजांचा दाखला देतात. १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं, मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला गेला. मग आजही दंड करा की! पण दंडाची ओळ वाचणारे तिच्या आधीचं पान वाचत नाहीत. त्याच राजाने १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहांची रांग उभी केली होती, आणि सक्तीच्या कायद्याबरोबर गावोगाव शाळा व शिक्षक देण्याची तजवीज केली होती. गोपाळ कृष्ण गोखल्यांचं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं १९११ चं विधेयकही पाहावं. त्यात सक्ती सरसकट नव्हती. ज्या भागात ठरावीक प्रमाणात मुलं आधीच शाळेत जात आहेत, तिथेच ती लावायची होती. शाळा आधी, सक्ती मागून, हा क्रम त्या काळच्या कट्टर सक्तीवाद्यांनीही पाळला. ते विधेयक मार्च १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. तेव्हा विरोधकांची कारणं काय होती? पैसा नाही, आणि लोकांना शिक्षणाची ओढ नाही. शंभरावर वर्षं झाली, कारणं तीच आहेत. आणि योगायोग असा की ज्या कोल्हापुरात सक्तीचा कायदा झाला, त्याच जिल्ह्याच्या फडांत आज मराठवाड्याची पोरं उसाचे वाढे गोळा करतात.

तरी पालकांच्या बाजूने सगळं सोवळं आहे असं म्हणणं खोटं होईल. दहा-बारा वर्षांच्या पोराचा हात फडात लागतो. मुलगी असेल तर स्वयंपाक, पाणी आणि धाकटं भावंड तिच्यावर. हा हिशेब आईबाप करतात. पण हिशेबाची दुसरी बाजूही ते करतात. मागे ठेवलं तर कुणापाशी? गावात उरलेली म्हातारी स्वतःच्या दोन भाकऱ्या जेमतेम थापते. वयात येणारी मुलगी पाच-सहा महिने तिच्या भरवशावर ठेवायची का? आणि सगळं सोसून ठेवलं, तरी पाचवीतल्या पोराला जोडाक्षरं वाचता येत नसतील, तर त्या सोसण्याचं फळ काय? ज्याला आपण अनास्था म्हणतो, ती पुष्कळदा नीट केलेली वजाबाकी असते. उत्तर बदलायचं तर आकडे बदलावे लागतील. मोठ्या मुलीला शाळेत आणायचं तर तिच्या कडेवरचं मूल अंगणवाडीने घ्यायला हवं, आणि तीही कोपीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. शाळेचं आणि अंगणवाडीचं, ही दोन खाती एकत्र बसून ठरवत नाहीत, म्हणून बहीण शाळेत येते ती भावाला घेऊनच, आणि दोन दिवसांनी येत नाही.

मग मुलांना गावीच ठेवून वसतिगृह द्यावं, हा सर्वांत चांगला पर्याय आहे, असं मानणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचा मुद्दा खरा आहे. शाळा तीच, बाई त्याच, वर्ष सलग. हंगामी वसतिगृह नीट चाललं तर फडावरच्या कुठल्याही सोयीपेक्षा ते सरस. शाळा व्यवस्थापन समितीमार्फत दोन वेळचं जेवण, दुपारचा पोषण आहार शाळेचाच. ते बिघडतं ते मुख्यतः तारखेवर. पालक मुलाला मागे ठेवायचं की नाही हे ठरवतो टोळी निघण्याच्या आठवड्यात. मंजुरी त्यानंतर आली तर ताटं लागतात आणि जेवणारी पोरं शेकडो किलोमीटर लांब असतात. मग ताटं कुणासाठी लागली हे दाखवायला पुन्हा नावं भरली जातात, आणि वसतिगृहंच बोगस असल्याची ओरड होते. मंजुरी ऑगस्टमध्ये आणि पहिला हप्ता दसऱ्याआधी, एवढी शिस्त पाळली तरी बराच फरक पडेल. संत भगवानबाबा योजनेत ४१ तालुक्यांत ८२ शासकीय वसतिगृहं ठरली, प्रत्येकी शंभर मुलांची. सगळी भरून चालली तरी ८,२०० जागा. चांगलंच आहे, पण गरजेपुढे हे किती, हे सांगायला सर्वेक्षण लागत नाही. शिवाय सहा-सात वर्षांच्या पोराला आईपासून पाच महिने तोडून ठेवणं हे धोरण म्हणून कुणी मांडू नये. मोठी वसतिगृहात आणि लहान आईबरोबर, अशीच विभागणी राहणार. म्हणून फडाजवळच्या शाळेचा प्रश्न सुटत नाही.

फडाजवळ शिकवण्याचे प्रयोग महाराष्ट्राला नवे नाहीत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला हाच पेच सोडवला होता. आदिवासी पोरं गुरांमागे रानात जातात, शाळेत येत नाहीत, तर शिक्षकाने कुरणात जावं. तिला त्यांनी कुरणशाळा म्हटलं. कारखान्यांवरच्या साखरशाळा आणि वीटभट्ट्यांवरच्या भोंगाशाळा त्याच वंशातल्या. शिक्षण हक्क कायदा आल्यावर या बहुतेक मिटल्या. कायद्याचा युक्तिवाद असा की गरिबाच्या पोराला दुय्यम शाळा नको, तेही नियमित शाळेतच बसेल. तत्त्व म्हणून हे मान्यच करायला हवं. झापाखाली एक स्वयंसेवक, पहिली ते सातवी एकत्र, ना मूल्यमापन ना गुणपत्रक, याला शाळा म्हणणं ही मुलांची फसवणूकच होती. पण वाड्यावस्त्यांवरच्या वस्तीशाळांचं जे झालं ते साखरशाळांचं का झालं नाही? वस्तीशाळा नियमित प्राथमिक शाळा बनल्या, कारण वस्ती जागची हलत नव्हती. साखरशाळेची मुलं कुणाच्याच पटावर नव्हती, म्हणून शाळा बंद झाली तेव्हा ती कुठेच वर्ग झाली नाहीत. कुरणशाळेची खरी शिकवण जागेची नव्हतीच, ती मुलाचा दिवस पाहून शाळेचा तास ठरवण्याची होती.

ते करताना टोळ्यांतला फरक ओळखावा लागतो, आणि धोरणं लिहिणाऱ्यांकडून नेमका इथेच घोळ होतो. बैलगाडीवाले, म्हणजे गाडी सेंटरची कुटुंबं, हंगामभर कारखान्याजवळ एका तळावर राहतात. शेकडो कोप्या, एक जागा. इथे जवळच्या जिल्हा परिषद शाळेची जोडतुकडी तळावर भरवता येते, पट त्याच शाळेचा आणि मूल्यमापनही. ट्रक-ट्रॅक्टरच्या टोळ्या मात्र गावं बदलत फिरतात. त्यांच्यासाठी तळावर शाळा काढणं व्यर्थ. त्यांना केंद्रशाळेपर्यंतची गाडी हवी, कारण तीन किलोमीटर चालायचं म्हटलं तर वाट दुहेरी ट्रॉल्यांच्या रस्त्याने जाते आणि त्या रस्त्याने कोणतीही आई पोर पाठवणार नाही. शिक्षकाची सोयही नव्याने पदं न काढता होऊ शकते. ज्या गावांतून निम्मी मुलं निघून गेली, तिथला एक शिक्षक त्या मुलांमागे पाच महिने प्रतिनियुक्तीवर. शिक्षक संघटना विरोध करतील, आणि त्यांचंही चूक नाही, घरदार सोडून कोण जाणार? मग ऐच्छिक ठेवा, भत्ता द्या, पुढच्या बदलीत गुण द्या. नाहीच जमलं तर तळाजवळचा डी.एड. झालेला तरुण मानधनावर घ्या. पण शिकवणारा शाळेचा माणूस असावा, पाहुणा नको.

सीमेपलीकडे जाणाऱ्या टोळ्यांचं उत्तर मात्र माझ्याकडे अर्धंच आहे. बेळगाव-निपाणीच्या पट्ट्यात मराठी शाळा सापडते. विजापूर-बागलकोटकडे कन्नड शाळेत बसवलेलं पोर काय शिकणार? दोन राज्यांनी एकमेकांच्या मुलांचा पट मानायचा करार होईपर्यंत त्या कुटुंबांना वसतिगृहात पहिली जागा द्यावी, इतकंच आज करता येतं.

दरम्यान दुसरीकडून एक फास आवळला जातोय. २०२३ मध्ये नियम बदलले आणि पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आली. नापास झाला तर फेरपरीक्षा, तरीही नाही जमलं तर त्याच वर्गात. सरसकट ढकलपास पद्धतीने मुलांचं भलं झालं नाही हे खरंच, त्यामुळे या बदलाला विरोध करावासा वाटत नाही. पण जे पोर ऐन अभ्यासाच्या महिन्यांत कुठल्याच खऱ्या पटावर नव्हतं, त्याची परीक्षा नेमकी कशाची? परीक्षेच्या दिवसांत त्याचा बाप शेवटचा फड उरकत असतो. उचल फिटल्याशिवाय मुकादम सोडत नाही. मेमध्ये ते गावी येतं, फेरपरीक्षा देतं किंवा देत नाही. जूनमध्ये पुन्हा पाचवीच्या बाकावर बसतं, वर्गातल्यांपेक्षा वीतभर उंच. ३० सप्टेंबरला पटावर मोजलं जातं, आणि दिवाळीच्या आत ट्रॉलीत चढतं.